थोरली, धाकटा आणि सकवारबाईचा डावा अंगठा

सकवारबाई पानाला चुना डाव्या अंगठ्यानं लावायची. उजवा हात चांगला धडधाकट असताना! मद्रासेत ट्रिप्लिकेनच्या तिच्या गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी कुणी नवी पाहुणी आली की हटकून विचारायचीच, "हे काय गं बाई, विड्याला डावा हात?" मग सकवारबाई म्हणायची, "उजवा राखीव आहे." कुणासाठी राखीव, हे सांगायला बसली की पहिला विडा संपून दुसरा लावायची वेळ यायची.

बाई मूळची तंजावरची. तिचे वडील तुळजाजी पश्चिम राजवीथीवर पानांचं दुकान चालवायचे. कुंभकोणमची कोवळी पानं पहाटे यायची आणि दुपारपर्यंत आजूबाजूच्या सगळ्या दुकानांत माना टाकायची. तुळजाजींच्या दुकानात चौथ्या दिवशीचं पान मोडलं तरी कट्ट आवाज यायचा. त्यांची रीत साधीच होती. कोऱ्या मातीचं मोठं मडकं, त्याच्या पोटात लहान मडकं, मधल्या फटीत ओली वाळू आणि भोवती ओलं गोणपाट. पाणी कधी ओतायचं नाही, बोटांनी शिंपडायचं. सकाळ-संध्याकाळ एकेक पान फिरवून बघायचं. "पोरी, पान बुडालं तरी मरतं आणि सुकलं तरी मरतं," असं ते सांगायचे आणि मडक्यात हात घालून हाताच्या पाठीनं गारवा बघायला लावायचे. मुलगा मानाजी रेल्वेत लागून तांबरमला गेला, त्याला या कशाचं काही नव्हतं. ही विद्या आली ती सकवारबाईच्या हातात, आणि विड्याचं व्यसनही तिथूनच आलं. दिवसाला वीस विडे. उगाच कमी कशाला सांगायचं!

लग्न होऊन ती मद्रासला आली. नवरा मुलींच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या विभागात अटेंडर होता. तो अकाली गेला आणि त्याच्या जागेवर कॉलेजनं हिला घेतलं. नऊ वर्षं तिनं सापळ्यांवरची धूळ झटकली, काचेच्या बरण्या घासल्या, मुलींना चिरायला बेडूक आणून दिले. त्या खोलीत जे जे होतं ते मेलेलं होतं. साप बरणीत, मासा बरणीत, सरडा बरणीत. "राव, हा विभाग आहे की लोणच्याचं दुकान?" असं ती एकदा हेडक्लार्क नारायणस्वामींना म्हणाली होती. ते रागावले होते, कारण बरण्यांवरची सगळी लेबलं त्यांच्या हातची होती. अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव चिंचेसारखा, असा तो माणूस. तेही तंजावरकडचेच, म्हणून दोघांचं भांडण घरच्या मराठीत व्हायचं.

एकोणीसशे एकोणसाठच्या फेब्रुवारीत विभागप्रमुख त्रिपुरसुंदरीबाई मीनंबाक्कमच्या विमानतळावरून एक लाकडी पेटी स्वतः मांडीवर घेऊन आल्या. जर्मनीत त्या शिकल्या होत्या, तिथल्या मैत्रिणीनं पाठवलेली. पेटीत ओलं शेवाळ, आणि शेवाळात दोन जिवंत प्राणी. वीतभर लांब, काळे कुळकुळीत, आणि अंगभर हळदीसारखे पिवळेजर्द ठिपके. दिसायला पालीसारखे, पण कातडी बेडकासारखी ओली आणि गुळगुळीत.

"याला फायर सॅलमँडर म्हणतात," त्रिपुरसुंदरीबाई म्हणाल्या. "थंड प्रदेशातल्या ओल्या जंगलात राहतो. ही मादी आहे, पोटुशी. ही अंडी घालत नाही, बरं का. अंडी पोटातच वाढतात आणि ती उथळ पाण्याच्या काठाशी बसून जिवंत पिल्लं सोडते. माझ्या मुलींना एकदा तरी जिवंत काही जन्माला येताना दाखवायचंय."

"पिल्लं पाण्यात, मग ही पण पाण्यातच ठेवायची?" सकवारबाईनं विचारलं.

"नाही, नाही! मोठी झाली की यांना नीट पोहता येत नाही. खोल पाण्यात बुडून मरतात. आणि कोरडं पडलं तरी मरतात, कातडी सुकून."

सकवारबाई दचकली. हे वाक्य तिनं लहानपणापासून ऐकलं होतं, पण पानाबद्दल.

नारायणस्वामी चष्मा पुसत जवळ आले. जुन्या काळी लोक म्हणत, हा प्राणी आगीतून चालत येतो, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. "मग याला मद्रासचं ऊन काय करणार?" ते म्हणाले. त्रिपुरसुंदरीबाई हसल्या. हा बिचारा ओल्या ओंडक्याच्या फटीत झोपतो, लोक तो ओंडका चुलीत घालतात, आणि हा जीव घेऊन बाहेर पळतो, एवढंच त्या आगीचं खरं. ऐंशी डिग्री फॅरनहाइटच्या वर पारा राहिला तर चार दिवस टिकायचा नाही.

"मेमध्ये इथं एकशे पाच असतो," नारायणस्वामी म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाटातून दोन कोऱ्या बरण्या काढल्या, लेबलं लिहिली, चिकटवली आणि खोलीतल्या फळीवर मांडून ठेवल्या. नाव, नर, मादी, देश. खाली "मृत्यू : मे १९५९". तारखेची तेवढी जागा मोकळी सोडली होती.

सकवारबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जिवंत जिवाचं श्राद्ध मांडता होय? लाज नाही वाटत?"

"गेल्या वर्षीचे परदेशी बेडूक तीन दिवसांत गेले, सकवारबाई. उगाच धावपळ नको म्हणून तयारी. तू काय करणार आहेस?"

"जिवंत ठेवीन मी यांना. अग्निनक्षत्र संपेपर्यंत जिवंत ठेवीन आणि तुमच्या बरण्या तुमच्याच हातानं उतरवायला लावीन!"

अग्निनक्षत्र म्हणजे मे महिन्यातले ते पंचवीस दिवस, जेव्हा मद्रासेत कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडायचं टाळतात. अठ्ठावीस तारखेला ते संपतं. शब्द तोंडातून गेला आणि मग बाईनं बोटांवर दिवस मोजले. पण गेलेला शब्द ती परत घेणाऱ्यातली नव्हती.

त्याच संध्याकाळी तिनं कुंभाराकडून भली रुंद मडकी आणली. मोठ्यात लहान, मध्ये ओली वाळू, भोवती गोणपाट. आत शेवाळ, झाडाच्या सालीचे तुकडे, एका बाजूला बोटभर पाण्याची मातीची थाळी. त्रिपुरसुंदरीबाईंनी आत थर्मामीटर टांगला. बाहेर ब्याऐंशी, आत एकाहत्तर. त्यांनी दोनदा बघितलं. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"अप्पांनी. पानं ठेवायला."

आता त्या दोघांचं वागणं बघण्यात तिचे दिवस जाऊ लागले. दिवसभर ती दोघं सालीखाली दडून असत. दिवेलागणीला तिनं पाणी शिंपडलं की आधी एक नाक बाहेर येई, मग दोन टपोरे काळे डोळे, मग संथ पाय टाकत सगळं अंग. घाई म्हणून नाहीच. वेलचेरीच्या तळ्याकाठच्या केळीच्या बागेतून ती गांडुळं आणायची. गांडूळ वळवळलं की हा थंड प्राणी एकदम झेप घालून पकडायचा. आणि ठिपके! एकाचे दुसऱ्यासारखे नाहीत. मादीच्या उजव्या डोळ्यामागं बुगडीच्या आकाराचा ठिपका होता. तिला सकवारबाईनं "थोरली" नाव दिलं, नराला "धाकटा". धाकटा रोज फिरून आपल्याच त्याच सालीखाली झोपायला जायचा. "माझ्या नवऱ्यापेक्षा वळणदार आहे," असं ती मुलींना सांगायची.

आणि मग मार्चमध्ये तिच्या हातून ते घडलं.

साल बदलायची होती म्हणून तिनं थोरलीला अलगद उचललं. उचलताच थोरली ताठरली. डोळ्यांमागच्या गाठींतून पांढरं दूध पाझरलं. ते तिचं विष, घाबरली की सोडते, हे बाईला माहीत होतं. पण इतके दिवस ती हातात कधी घाबरली नव्हती. खाली ठेवल्यावर तिच्या कुशीवर लालभडक डाग दिसला. अंगठ्याएवढा. सकवारबाईनं आपला उजवा अंगठा बघितला. नखाच्या कडेला चुना होता.

पानवाल्याच्या मुलीशिवाय ही चूक कुणाच्या हातून होणार! आपल्या जिभेला जो चटका गोड लागतो तो त्या उघड्या ओल्या कातडीला कसा लागला असेल, या विचारानं तिला भडभडून आलं. तिनं थोरलीला स्वच्छ पाण्यानं धुतलं आणि तडक त्रिपुरसुंदरीबाईंपुढं जाऊन उभी राहिली. "मीच भाजलं तिला," ती म्हणाली. "मारा मला, पण ती जगेल का सांगा."

"माहीत नाही," बाई खरं तेच बोलल्या. "खायला लागली तर जगेल."

सकवारबाईनं पानाचा डबा, अडकित्ता, चुन्याची डबी गाठोड्यात बांधली आणि तांबरमला भावाच्या घरी नेऊन टाकली. मानाजीची बायको सरोजा बघतच राहिली. "आमच्या आक्कानं पान सोडलं? उद्या सूर्य पश्चिमेला उगवतो काय!" तीस वर्षांचं व्यसन ते. दोन दिवस डोकं ठणकलं, तिसऱ्या दिवशी शेजारणीशी कारण नसताना भांडण झालं, चौथ्या दिवशी, चुन्याचा कण उरला असेल म्हणून, तिनं विटेच्या तुकड्यानं अंगठा घासून रक्त काढलं. आणि थोरली खात नव्हती. गांडूळ नाकासमोर नाचलं तरी तोंड फिरवायची. नारायणस्वामींनी, तिथं आता मार्च लिहावं लागेल की काय अशा नजरेनं, लेबलावरचा "मे" हा शब्द एकदा निरखून बघितला, ते सकवारबाईनं पाहिलं.

नवव्या दिवशी संध्याकाळी थोरलीनं गांडूळ पकडलं. सकवारबाई व्हरांड्यात येऊन ओरडली, "गिळलं! गिळलं हो तिनं!" वर्गातल्या मुली धावत आल्या. त्यांना वाटलं, कुणी विषच घेतलं.

मे उजाडला. अग्निनक्षत्र सुरू झालं. खोलीच्या खिडक्या बंद करून, वाळ्याचे पडदे सोडून, छताला पंखा लावून सगळा अंधार करून ठेवला होता. दुपारी बर्फाची लादी यायची. नारायणस्वामी म्हणाले, सरळ आत टाक तुकडे. ती ओरडली, "पानावर बर्फ ठेवला तर पान काळं पडतं, राव! बर्फ वाळूला द्यायचा, वाळू मडक्याला देईल, मडकं जनावराला." तिच्या रीतीनं आतला पारा सत्तरच्या आसपास राहिला. एकदा नारायणस्वामींनाही राहवलं नाही. कुणी नाही असं बघून त्यांनी धाकट्याला बोट लावलं आणि तेच बोट डोळ्याला लावलं. मग काय विचारता! तासभर हौदाशी डोळा धूत बसले होते. "पिवळा रंग कशाला दिलाय देवानं त्याला? हात लावू नको, हे सांगायलाच ना!" सकवारबाई पाणी ओतत म्हणाली. तिला हसू दाबता येत नव्हतं.

अठरा तारखेला मात्र कंबर मोडायची पाळी आली. रोज दुपारी समुद्राकडून वारा येतो तो आलाच नाही. पश्चिमेचा वारा सुटला, भट्टीतून निघाल्यासारखा. वीज गेली, पंखा थांबला. बर्फाची गाडी आली नाही. बारा वाजता व्हरांड्यात एकशे सात डिग्री, आणि बंद खोलीतल्या मडक्यात चौऱ्याऐंशी. थोरली सालीखालून भर दुपारी बाहेर आली होती, हातपाय पसरून थाळीच्या कडेवर मान टाकून पडली होती. घशाची कातडी भात्यासारखी हलत होती. तिचं पोट दोन्ही बाजूंनी गच्च भरलेलं होतं.

त्रिपुरसुंदरीबाईंनी रिक्षा पाठवून बर्फ शोधायला लावला. पण शहरात त्या दिवशी बर्फ कुठं मिळणार? त्या खुर्चीवर बसल्या आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. "संपलं, सकवारबाई. आपण करायचं ते केलं."

सकवारबाई मडक्याशी उकिडवी बसली होती. तिनं हाताची पाठ गोणपाटावर ठेवली. गोणपाट ओलंच होतं. सकाळी भिजवलेलं गोणपाट दुपारी बारालाही ओलं! म्हणजे सुकतच नव्हतं. बंद खोलीत, ओल्या पडद्यांआड, कोंडलेल्या दमट हवेत ते सुकणार कुठून? आणि सुकल्याशिवाय मडकं गार होणार कुठून? तिला अप्पा आठवले. असा पश्चिमेचा वारा सुटला की सगळे पानवाले पानं घेऊन माजघरात शिरायचे आणि अप्पा मात्र आपलं मडकं उचलून वाऱ्याच्या तोंडी, सावलीत आणून ठेवायचे. वेडाच म्हणायचे लोक त्यांना.

ती उठली. "मडकं बाहेर काढा. पश्चिमेच्या व्हरांड्यात."

"त्या भट्टीत?" नारायणस्वामी किंचाळले. "अगं, वेड लागलं का तुला? आत मरताहेत ती बाहेर भाजून निघतील!"

"राव, वाद घालायचा असेल तर संध्याकाळी घाला. आता दुसरी बाजू धरा."

त्यांनी त्रिपुरसुंदरीबाईंकडं बघितलं. बाईंनी उठून स्वतःच मडक्याला हात घातला. तिघांनी मिळून ते अवजड धूड व्हरांड्याच्या कोपऱ्यात, सावलीत पण वाऱ्याच्या थेट तोंडी आणून ठेवलं. सकवारबाईनं गोणपाट पुन्हा भिजवलं. चेहऱ्यावर झळ अशी लागत होती की डोळे उघडे ठेववत नव्हते. पाव तासात गोणपाट वाळायला लागलं. "पाणी!" ती म्हणाली. नारायणस्वामी, ज्यांनी आयुष्यात फाईलपेक्षा जड काही उचललं नव्हतं, ते धोतराचा काचा मारून हातपंपाकडं पळाले.

"बघा पारा," ती म्हणाली.

त्यांनी वाकून बघितलं. "ब्याऐंशी."

पुन्हा पाणी. पुन्हा वारा. "ऐंशी." त्यांचा आवाज बदलला. मग "अठ्ठ्याहत्तर!" मग कितीतरी वेळ तेच. सकवारबाईच्या हाताला फोड आले, लुगडं भिजून अंगावरच वाळत होतं. साडेतीनला नारायणस्वामी ओरडले, "पंच्याहत्तर! सकवारबाई, बाहेर एकशे सहा आणि आत पंच्याहत्तर!" आणि त्या गृहस्थानं चक्क टाळी वाजवली. थोरलीनं मान उचलली, एक पाय पुढं टाकला, दुसरा टाकला, आणि संथपणे सालीखाली निघून गेली. त्रिपुरसुंदरीबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलंसुद्धा नाही.

सहानंतर वारा पडला आणि समुद्राची हवा आली.

वीस तारखेला पहाटे सकवारबाई खोलीत आली तर थोरली थाळीच्या काठावर बसली होती. पुढचे पाय काठावर घट्ट रोवलेले, मागचं अंग पाण्यात बुडवलेलं. आणि पाण्यात काहीतरी वळवळत होतं. बोटाच्या पेराएवढं, चार पाय असलेलं, मानेपाशी कल्ल्यांची पिसांसारखी झालर. एक, मग दुसरं. तिनं वॉचमनला त्रिपुरसुंदरीबाईंच्या घरी पिटाळलं. बाई पोचल्या तेव्हा अकरा पिल्लं झाली होती, नारायणस्वामी पोचले तेव्हा सतरा, आणि हॉस्टेलच्या मुली वेण्या न घालता तशाच धावत आल्या तेव्हा तेवीस.  एका मुलीनं हळूच विचारलं, "दुखतं का हो तिला?" सकवारबाई म्हणाली, "आपल्यापेक्षा कमी. बघ, आवाज आहे का काही?" थोरली काठावरून उतरली, मागं वळूनही न बघता सालीखाली झोपायला गेली. या जातीत आईचं काम तिथंच संपतं.

मग पुढचं काम सकवारबाईचं. पिल्लं एकमेकांचे पाय खातात म्हणून तेवीस मातीच्या वाट्या. डासांच्या अळ्या खातात म्हणून आख्ख्या गल्लीतली पिंपं तिनं गाळून काढली. मद्रासेत त्या अळ्यांना काय तोटा! अळ्या गाळायला गल्लीतल्या बायकाच पुढं आल्या. पाय खाणाऱ्या पिल्लांची बाळंतीण कोण, ते बघायला त्या घोळक्यानं कॉलेजातही येऊन गेल्या.

अठ्ठावीस तारीख आली आणि गेली. एकोणतीसला सकाळी सकवारबाई कामावर आली तर फळीवरच्या दोन्ही बरण्या जागेवर नव्हत्या.  धावत जाऊन तिनं मडक्यात बघितलं. थोरली होती. धाकटा होता. वळली तर दारात नारायणस्वामी उभे. हातात दोन्ही बरण्या, लख्ख घासलेल्या, लेबलं खरवडून काढलेली. एकीत कुंभकोणमची कोवळी हिरवी पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. दुसरीत सुपारी, आणि वर चुन्याची नवी डबी.

"माझ्या हातानं उतरवल्या," ते म्हणाले. "घ्या, सकवारबाई. अडीच महिने झाले तुम्हाला विडा खाऊन."

तिनं पान घेतलं, मांडीवर पुसलं, शिरा काढल्या. डबी उघडली. उजवा अंगठा पुढं गेला आणि थबकला. तेवीस वाट्यांकडं तिनं एकदा बघितलं, त्यांना अजून दाणापाणी व्हायचं होतं. मग तिनं उजवा हात पदराखाली घेतला आणि डाव्या अंगठ्यानं, जरा वेडावाकडाच, पानाला चुना लावला.